इतके दिवस का नाही सांगितलं? – उशिरा बोलणारं लेकरू, कायदा आणि आपली जबाबदारी



आजचा पाठ मुलांचा नाही, आपला आहे. विषय जड आहे, पण टाळण्यासारखा नाही. शांतपणे वाचा आणि जमलं तर शाळेच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने वाचा.

सुरुवात एका प्रसंगाने करू. प्रसंग काल्पनिक आहे, कुणा एका मुलीचा नाही. पण आपल्यापैकी ज्यांची दहा-पंधरा वर्षं नोकरी झाली आहे, त्यांना तो अनोळखी वाटणार नाही.

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यासारखं एखादं गाव. आठवीचा वर्ग. मधल्या सुट्टीत सगळी लेकरं बाहेर पळतात, एक मुलगी मात्र बाकावरच बसून राहते. तुम्ही वह्या आवरत असता. ती जवळ येऊन म्हणते, "मॅडम, एक सांगू? पण घरी नका सांगू." मग अडखळत सांगते. पाचवीत असताना, हळद काढायच्या दिवसांत, घरातले सगळे शेतावर असायचे. तेव्हा नात्यातला एक माणूस घरी यायचा. पुढचं ती अर्धवटच सांगते, पण तुम्हाला कळायचं ते कळतं.

आणि तुमच्या तोंडून नकळत निघून जातं, "अगं, मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

आपण हे काळजीने विचारतो. लेकराला मात्र ते आरोपासारखं ऐकू येतं: तू गप्प बसलीस, चूक तुझीच. पुढे हाच प्रश्न आजी विचारते, गाव विचारतं, पोलीस विचारतात आणि शेवटी कोर्टात आरोपीचे वकीलही विचारतात. म्हणून आज या एका प्रश्नाचाच नीट अभ्यास करू.

या बाबतीत आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक टोक म्हणतं, "तीन वर्षांनी आठवलं का? नक्कीच कुणीतरी शिकवलेलं आहे." दुसरं टोक म्हणतं, "लेकरू बोललं ना, मग झालं. चौकशी कसली करता, त्याला चौकात उभा करा." पहिल्या टोकामुळे लेकरू कायमचं गप्प होतं. दुसऱ्या टोकामुळे खटला कोलमडतो, कधी निर्दोष माणूस भरडला जातो, आणि शेवटी नुकसान पुन्हा लेकराचंच होतं.

१. लेकरू उशिरा का बोलतं?

पहिलं कारण अगदी साधं आहे. पाचवीतल्या मुलीकडे त्या गोष्टीसाठी शब्दच नसतो. काहीतरी वाईट झालं एवढं कळतं, पण त्याला काय म्हणायचं ते कळत नाही. आठवीत शरीराविषयीचा धडा होतो, किंवा शाळेत 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा तास होतो, आणि तीन वर्षांपूर्वीच्या प्रसंगाला अचानक नाव मिळतं. म्हणून अशा तासांनंतर काही मुलं बोलू लागली, तर "तासामुळे डोक्यात भरलं" असं लगेच म्हणू नका. तासामुळे शब्द मिळाला, असंही असू शकतं.

दुसरं कारण म्हणजे करणारा माणूस बहुधा ओळखीचाच असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. ज्याला घरात चहा मिळतो, ज्याच्याकडून वडिलांनी उसने पैसे घेतलेले असतात, त्याच्याविषयी दहा वर्षांचं लेकरू कसं बोलणार?

तिसरं कारण म्हणजे पुढे काय होईल याची भीती. आई रडेल, बाबा त्याचा जीव घेतील. आपल्या भागातली मुलगी आणखी एक हिशोब करते. शाळा बंद करतील आणि लग्न उरकून टाकतील. ही भीती खोटी आहे असं आपण छातीठोकपणे सांगू शकतो का? आई-वडील ऊसतोडीला गेलेले आणि लेकरू नातेवाइकांकडे राहिलेलं असेल, तर सांगायचं तरी कुणाला?

चौथं कारण मुलग्यांचं आहे. वरच्याच अभ्यासात अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत मुलग्यांचं प्रमाण निम्म्याहून किंचित जास्त होतं. तरी आपल्या डोळ्यांसमोर नेहमी मुलगीच येते. "तू मुलगा असून?" या एका वाक्याने तो पुढची वीस वर्षं गप्प बसतो.

आणि पाचवी गोष्ट. लेकरू एकदम सगळं सांगत नाही. आधी थोडं सांगून आपला चेहरा बघतं. चेहरा बदलला की म्हणतं, "काही नाही मॅडम, चेष्टा केली." अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रोलँड समिट यांनी १९८३ मध्ये हे सगळं एका प्रसिद्ध लेखात मांडलं: गुप्तता, असहायता, परिस्थितीशी जुळवून घेणं, उशिरा आणि अडखळत सांगणं, आणि मग सांगितलेलं मागे घेणं. पण पुढे लोक या लेखाचा उलटा वापर करू लागले. "उशिरा सांगितलं, मागे घेतलं, म्हणजे अत्याचार झालाच." तेव्हा १९९२ मध्ये समिट यांना स्वतःलाच दुसरा लेख लिहून सावध करावं लागलं. या लक्षणांमुळे उशीर का होतो ते समजतं, पण अत्याचार झाल्याचं त्यातून सिद्ध होत नाही.

थोडक्यात, उशीर हा खोटेपणाचा पुरावा नाही. तो खरेपणाचाही पुरावा नाही.

२. उशिराबद्दल न्यायालय काय म्हणतं?

आपल्या शेजारच्या गोव्यातला एक खटला बघा. तुळशीदास कानोलकर विरुद्ध गोवा राज्य, सर्वोच्च न्यायालय, २००३. पीडितेची बौद्धिक वाढ पूर्ण झालेली नव्हती. तिच्यावर काय ओढवलं ते घरच्यांना कळलं, तेव्हा ती गरोदर होती. आरोपीच्या बाजूने सांगितलं गेलं की तक्रार उशिरा झाली. न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ उशीर झाला म्हणून फिर्याद ठरावीक मंत्र म्हटल्यासारखी फेकून देता येत नाही. उशिरामुळे न्यायालयाने सावध व्हायचं, कारण विचारायचं आणि ते पटण्यासारखं आहे का ते तपासायचं. कारण पटलं तर उशीर खटल्याला मारक ठरत नाही. त्याआधी १९९६ मध्ये, पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं होतं की लैंगिक गुन्ह्यात पीडिता आणि तिचं कुटुंब पोलिसांकडे जायला कचरतं, त्यामुळे उशिराची कारणं अनेक असू शकतात.

"पण कायद्याने मुदत संपली असेल ना?" हा प्रश्न पालक हमखास विचारतात. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद होऊ शकते, त्याची दखल घ्यायला आपल्याकडे मुदतीचं बंधन नाही. हा नियम आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होता. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम', म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यातले लैंगिक हल्ल्याचे गंभीर गुन्हे याच वर्गात येतात. २०१८ मध्ये कॅनडात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या एका शास्त्रज्ञ महिलेने लहानपणीच्या, चाळीसएक वर्षांपूर्वीच्या अत्याचाराची तक्रार कशी करायची हा प्रश्न लावून धरला. तेव्हा केंद्रीय कायदा मंत्रालयाने पॉक्सोखालच्या तक्रारीला वयाची किंवा काळाची अट नसल्याचा अभिप्राय दिला.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. राज्यघटनेच्या कलम २० प्रमाणे, गुन्हा घडला तेव्हा जो कायदा होता त्याच कायद्याखाली शिक्षा होऊ शकते. म्हणजे १९९५ मध्ये घडलेल्या गोष्टीला २०१२ चा पॉक्सो लागत नाही, त्यावेळची भारतीय दंडसंहिता लागते. तेव्हाच्या कलम ३५४ मध्ये, म्हणजे विनयभंगाला, जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. त्यामुळे त्याला तीन वर्षांची मुदत लागू होते आणि ती शिथिल करणं न्यायालयाच्या हातात असतं. बलात्काराला मात्र तेव्हाही मुदत नव्हती. असा भेद आरोपीला पळवाट मिळावी म्हणून केलेला नाही. ज्या दिवशी माणूस कृती करतो, त्या दिवशीचा कायदा त्याला माहीत असू शकतो, उद्याचा नाही. हा नियम आपल्या सगळ्यांचंच रक्षण करतो.

३. मुंबईतला धडा: अँकरेज

उशिरा बोललेल्या मुलांना आपल्या राज्यात न्याय मिळाल्याचं एक महत्त्वाचं उदाहरण मुंबईचं आहे. कुलाबा परिसरात आणि रायगड जिल्ह्यातल्या मुरुडला 'अँकरेज' नावाचे निवारे होते. रस्त्यावरच्या मुलांसाठी ते दोन ब्रिटिश माणसांशी संबंधित होते. मुलांना तिथे जेवण मिळायचं, कपडे मिळायचे, झोपायला छप्पर मिळायचं. आणि तिथेच वर्षानुवर्षं मुलग्यांचं शोषण होत होतं. २००१ मध्ये गुन्हा दाखल झाला. तोवर आरोपी परदेशात होते. एकाला अमेरिकेतून प्रत्यार्पण करून आणावं लागलं.

२००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. अखेर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल बाजूला ठेवून शिक्षा कायम केली.

मुलं उशिरा बोलली, ती रस्त्यावरची होती, तरी शेवटी त्यांचा शब्द टिकला. तो घोषणेने टिकला नाही. साक्ष झाली, उलटतपास झाला, आरोपीला वकील मिळाला, दोन अपिलं झाली, आणि एवढ्या चाळणीतून गेल्यामुळेच तो निकाल आज कुणाला हलवता येत नाही. मात्र गुन्हा दाखल झाल्यापासून दहा वर्षं गेली, हेही विसरायला नको. निष्पक्ष म्हणजे लांबलेला खटला नव्हे. पॉक्सोच्या कलम ३५ मध्ये तर लेकराची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात पूर्ण करायला सांगितलं आहे.

४. लेकराचा उशीर आणि आपला उशीर

आता जरा आरशात बघू. लेकराच्या उशिराला कायदा समजून घेतो. आपल्या उशिराला नाही.

पॉक्सोचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडण्याची शंका आली, तर कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवायचं आहे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर कैद एक वर्षापर्यंत जाते. ही शिक्षा लेकराला लागू नाही, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. आणि कलम १९ मध्येच आपल्यासाठी एक ढालही आहे. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात २०१९ मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचाराचं प्रकरण उघड झालं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना माहिती असूनही त्यांनी कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरांविरुद्धचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बरेचदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो. इथेही एक फरक नीट समजून घ्या. न्यायालयाने डॉक्टरांना दोषी ठरवलं नाही. खटला सुरुवातीलाच गुंडाळू नका, पुरावा तपासला जाऊ द्या, एवढंच ठरवलं.

मग आलं बदलापूर. ऑगस्ट २०२४. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुली. त्या लेकरांनी फारसा उशीर केला नव्हता, घरी कळलं होतं. उशीर झाला तो मोठ्यांकडून. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळा व पोलीस दोघांनाही फटकारलं. न कळवल्याबद्दल संस्थेच्या जबाबदार लोकांवरही गुन्हा दाखल झाला.

त्यानंतर राज्य सरकारने शाळांसाठी आदेश काढले. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, सखी सावित्री समिती हे सगळं आपल्याला आता पाठ आहे. अशी घटना २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायची, हेही माहीत आहे. पण एक घोटाळा अजून होतो. "मी मुख्याध्यापकांना सांगितलं", "आम्ही केंद्रप्रमुखांना कळवलं", इथे आपण थांबतो. वरिष्ठांना कळवणं वेगळं आणि पोलिसांना कळवणं वेगळं. कायद्यातली जबाबदारी ज्याला कळलं त्या प्रत्येकाची आहे. ती वर ढकलून संपत नाही.

५. आरोपीलाही न्याय? हो, लेकरासाठीच

बदलापूरच्या प्रकरणाचा शेवट आठवतो ना? २३ सप्टेंबर २०२४ रोजी आरोपीला तळोजा कारागृहातून नेत असताना पोलिसांच्या वाहनातच त्याचा गोळी लागून मृत्यू झाला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणात गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. अनेकांनी पेढे वाटले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयात आला आणि त्यात पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरलं होतं.

आपण शिक्षक आहोत, म्हणून पेढे बाजूला ठेवून विचार करू. त्या दिवशी त्या दोन लेकरांनी काय गमावलं? त्या माणसाविरुद्धचा खटलाच संपला. त्याने काय केलं हे पुराव्याने सिद्ध होऊन कागदावर आलेला निकाल त्यांना आता कधीच मिळणार नाही. आणि आरोपीच्या आई-वडिलांनाही आपला मुलगा दोषी होता की नव्हता याचं उत्तर कोर्टाकडून मिळणार नाही.

पॉक्सो कायदा मुळात लेकराच्या बाजूने झुकलेला आहे. कलम २९ प्रमाणे गंभीर गुन्ह्यांत आरोपीने गुन्हा केला असं न्यायालय गृहीत धरतं, आणि उलट सिद्ध करणं आरोपीवर येतं. पण त्यासाठी आधी सरकारी पक्षाला मूळ घटना पुराव्याने उभी करावी लागते. कायद्याचं वजन एवढं मोठं असताना आरोपीला वकील, उलटतपास आणि अपील मिळणं आणखी गरजेचं होतं. कारण चुका होतात. जमिनीचं भांडण, भावकीतलं वैर, नवरा-बायकोचा वाद यांत लेकराला पुढे केल्याची उदाहरणं नसतातच असं म्हणता येत नाही. म्हणूनच कलम २२ मध्ये द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे. लेकराला मात्र त्यातही शिक्षा नाही. आणि हेही लक्षात ठेवा: तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती, असं नव्हे.

चांगल्या हेतूनेही केवढी चूक होऊ शकते, ते अमेरिकेतल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या खटल्यात दिसलं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात एका आईच्या तक्रारीवरून सुरुवात झाली. मग शेकडो लेकरांना प्रश्न विचारले गेले, आणि ते असे: "तुझ्या मैत्रिणीने तर सांगितलं, तू पण हुशार आहेस ना?" लेकरं सांगू लागली. सांगता सांगता अशक्य गोष्टीही सांगू लागली. १९९० मध्ये खटला संपला तेव्हा एकालाही शिक्षा झाली नाही. एक आरोपी जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात राहून आला होता. आणि त्या लेकरांपैकी कुणावर खरंच काही झालं होतं का, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. प्रश्नांनीच उत्तर बिघडवलं होतं.

६. पहिला तास: काय करायचं, काय नाही

जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घरांत शिरलं, ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. पुरानंतरचा पंचनामा आपल्याला चांगला कळतो. पंचनाम्याआधीच चिखल धुऊन टाकला, तर नुकसान खरं असूनही दाखवायला काही उरत नाही. आणि कुणी नसलेलं नुकसान वाढवून लिहिलं, तर खऱ्या नुकसानीवरही शंका येते. लेकराचं पहिलं बोलणं असंच असतं. ते धुऊन टाकायचं नाही आणि वाढवायचंही नाही.

हे करा

- खाली बसा, लेकराच्या उंचीवर या. चेहरा शांत ठेवा.
- म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही."
- विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: "काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग." "मग?" "अजून काही सांगायचं आहे का?"
- "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. म्हणा, "ज्यांनी मदत करायची त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन."
- लगेच, त्याच दिवशी, लिहून ठेवा.
- पोलिसांना कळवा. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आणि ११२ हे क्रमांक शाळेच्या फलकावर असू द्या.

हे करू नका

- "त्याने तुला इथे हात लावला का?" असा उत्तर सुचवणारा प्रश्न नको.
- पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शिक्षकांसमोर सांगायला लावू नका.
- ज्याचं नाव आलं त्याला बोलावून समोरासमोर करू नका. तो शिक्षक असो की विद्यार्थी. अठरा वर्षांखालचा असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तोही एक लेकरूच आहे.
- गावात बैठक, मिटवामिटवी, माफीनामा असलं काहीही नको.
- व्हॉट्सअॅपवर एक अक्षरही नको. लेकराची ओळख उघड करणं कलम २३ प्रमाणे गुन्हा आहे. नातेवाईक आरोपीचं नाव टाकलं तरी लेकराची ओळख उघड होते.

नोंद कशी लिहायची? नमुना बघा:

"दिनांक …, दुपारी १.४० वाजता, इयत्ता आठवीचा वर्ग. विद्यार्थिनी स्वतःहून आली. दुसरं कुणी हजर नव्हतं. ती म्हणाली, 'मी पाचवीत होते तेव्हा … घरी यायचे, मला आवडायचं नाही तसं करायचे.' मी विचारलं, 'काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग.' ती म्हणाली, '…' ती रडत होती, मध्ये दोनदा थांबली. आजपर्यंत न सांगण्याचं कारण मी विचारलं नाही. तिने स्वतःहून सांगितलं की आई आजारी पडेल अशी भीती वाटत होती. पोलिसांना … वाजता कळवलं. सही."

या नोंदीत 'अत्याचार', 'नराधम' असे आपले शब्द नाहीत. लेकराने 'मामा' म्हटलं असेल तर 'मामा'च लिहा. कोणता मामा ते पोलीस शोधतील. आपला प्रश्नही जसाच्या तसा लिहिला आहे, कारण उद्या कोर्टात "मॅडमनी शिकवलं" असा मुद्दा निघाला, तर हाच कागद उत्तर देईल. उशिराचं कारणही लेकराच्या शब्दांत आलं आहे. गोव्याच्या खटल्यात न्यायालय शोधतं म्हणाले ते स्पष्टीकरण हेच. आणि माणूस निर्दोष असेल तर त्यालाही याच स्वच्छ कागदाचा आधार मिळतो.

७. पुढे लेकराचं काय होतं?

पालकांना सर्वात जास्त धास्ती पोलीस ठाण्याची असते. म्हणून एवढं त्यांना सांगा. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. लेकराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टर करतात. दवाखान्यात पहिले उपचार मोफत मिळतात आणि त्यासाठी आधी गुन्हा नोंदवण्याची अट नाही. पोलिसांना २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. सोबतीला आधार देणारी व्यक्ती मागता येते.

कोर्टात सुनावणी बंद दाराआड होते. लेकराला आरोपी समोर दिसणार नाही अशी व्यवस्था करतात. वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, दरडावून विचारता येत नाही. आरोपीच्या वकिलाला प्रश्न विचारण्याचा हक्क राहतो, लेकराला घाबरवण्याचा हक्क राहत नाही. दोघांनाही न्याय एकाच खोलीत देता येतो, हे या तरतुदीतून दिसतं. मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा.

पालकहो, तुमच्यासाठी

तुमच्या लेकराने उशिरा सांगितलं तर स्वतःला दोष देत बसू नका, आणि लेकराला तर अजिबात देऊ नका. त्याने आता सांगितलं, याचा अर्थ आता त्याला तुमचा भरवसा वाटला. त्याच्यासमोर "त्याला जिवंत सोडणार नाही" म्हणू नका. लेकरू घाबरून बोलणंच मागे घेतं, कारण बाप तुरुंगात जाईल ही भीती त्याला जास्त वाटते.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच ते लेकरू असेल, आता तीस-चाळीस वर्षांचं, तर तुम्हीही गप्प राहिलात त्यात तुमची चूक नव्हती. बोलायचं की नाही, कधी, कुणाशी, हे तुम्ही ठरवा. पण "आता काय उपयोग" हे गृहीत धरू नका. विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलाला एकदा विचारा.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत लेकरू एकांतात, पण सुरक्षितपणे बोलू शकेल अशी जागा कोणती?
२. उद्या एखाद्या सहकाऱ्याचं नाव आलं तर आपण पहिला फोन कुणाला करू? खरं सांगा.
३. "इतके दिवस का नाही सांगितलं?" याऐवजी आपल्या तोंडी कोणतं वाक्य बसवायचं?
४. नाव आलेला माणूस निर्दोष असेल, तर आपल्या वागण्यातून त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून काय काळजी घ्यायची?

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर सांगते आणि थांबते. मी ते वाक्य कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं आहे, वह्या काढताना रोज दिसतं: "बरं झालं सांगितलंस. मी ऐकते आहे."

मग पेन काढायचं, आणि ऐकलं तेवढंच लिहायचं.